प्राडाने कोल्हापुरी चोरली म्हणे!

जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचे मॉडेल कोल्हापुरीसारख्या चपला घालून चालले. तेव्हापासून एक मजकूर फिरतोय: ‘आमची अस्सल मराठी कला परदेशी कंपनीने चोरली. जागतिकीकरणानेच आमचे कारागीर देशोधडीला लावले.’ राग रास्त आहे. कोल्हापूरचं नावही न घेता ‘लेदर सँडल’ म्हणून मोकळं होणं हा कोडगेपणाच, आणि बोंब झाल्यावरच कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. पण बाकीचं तपासून घेऊ.

‘अस्सल मराठी’? कोल्हापुरीचं 2019 चं जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आठ जिल्ह्यांचं आहे. चार आपले, चार कर्नाटकातले. अथणीत कन्नड बोलत शिवलेली चप्पलही कोल्हापुरीच.

‘चोरली’? जीआय मुख्यतः नावाला संरक्षण देतं, आणि प्राडाने ते नाव वापरलंच नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने प्राडाविरुद्धची जनहित याचिका फेटाळली, कारण मानांकनाचे मालक याचिकाकर्ते नव्हते. मालक आहेत लिडकॉम आणि लिडकर, म्हणजे दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. त्यांनीच डिसेंबर 2025 मध्ये प्राडाशी करार केला: 2,000 जोड, किंमत जोडीला सुमारे 800 युरो.

आता ‘देशोधडी’. साठ-सत्तरच्या दशकात हिप्पींच्या पायात कोल्हापुरी गेली, ती बाहेरच्या गिऱ्हाइकामुळेच. धंद्याला झळ लागली ती घरात. 2015 मध्ये महाराष्ट्राने बैलांच्या कत्तलीवर बंदी घातली, 2021 पासून कर्नाटकातही तसाच कायदा आला; बैलाचं कातडं मिळणं अवघड झालं. यात मिलानचा हात कुठे? दुसरीकडे रेक्झिनच्या नकला फूटपाथवर ‘कोल्हापुरी’ म्हणून खपतात, आणि बाभळीच्या सालीत, हिरड्यात कातडं कमावून हाताने शिवलेल्या जोडासाठी आपण शंभर रुपयांची घासाघीस करतो. (मजकूर फॉरवर्ड करणारेही करतात.)

आणि नवी पिढी या कामात का उतरत नाही? मजुरी कमी, हे आहेच. पण कातडं कमावणाऱ्या ढोर समाजाला आणि चप्पल शिवणाऱ्या चर्मकार समाजाला गावाने वेशीबाहेर ठेवलं. त्या कामाची लाज त्यांच्या पोरांना आपणच शिकवली. मग इटलीवाल्याने तीच चप्पल उचलल्यावर ती एकाएकी सगळ्यांची अस्मिता कशी झाली?

भांडायचंच तर कराराच्या हिशेबावर भांडा. त्या 800 युरोंतले चपलेची वेणी विणणाऱ्या बाईच्या हातात किती पडणार, हे दोन्ही महामंडळांना विचारा.