बोटाएवढा मासा आणि ‘वाया गेलेलं’ पाणी

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत रिओ ग्रांदे नदी आटू लागली की एक तक्रार हमखास फिरते: ‘बोटाएवढ्या माशासाठी शेतीचं पाणी समुद्रात घालवतात. नदी पूर्वीही आटायचीच. मासा हजारो अंडी घालतो. हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) वाढवा, सोडा, विषय संपला.’ हा मासा म्हणजे १९९४ पासून संकटग्रस्त यादीत असलेला रिओ ग्रांदे सिल्व्हरी मिनो.

अंड्यांपासूनच सुरुवात करू, कारण सगळा घोळ तिथे आहे. हजारो घालतो, खरं. पण ती दगडाला किंवा पाणवनस्पतीला चिकटत नाहीत. डोंगरातलं बर्फ वितळून नदी फुगली की मादी अंडी सरळ धारेत सोडते. ती ना धड बुडतात, ना तरंगतात, वाहत सुटतात. एक-दोन दिवसांत फुटतात आणि पिल्लंही पुढे काही दिवस वाहतच राहतात. म्हणजे या माशाला नुसतं पाणी पुरत नाही, नदीची लांबी लागते. एकेकाळी तो उत्तर न्यू मेक्सिकोतल्या एस्पान्योलापासून मेक्सिकोच्या आखातापर्यंत होता, पेकोस या उपनदीतही होता. आता मूळचा उरलाय तो वरचं कोचिती धरण आणि खालचा एलिफंट ब्यूट जलाशय यांच्या मधल्या पट्ट्यात, तोही अँगोस्तुरा, इस्लेता, सान अकासिया या बंधाऱ्यांनी तोडलेला. खाली वाहून गेलेलं पिल्लू जगलं-वाढलं तरी बंधारा चढून परत येणार कसं?

नदी आटायची, हेही खरं. पण पूर्वी एक पट्टा कोरडा पडला तरी वरचे-खालचे मासे पाणी आल्यावर तो पुन्हा भरून काढत. आज ते अडतात. २०२२ मध्ये तर याच पट्ट्यातल्या अल्बुकर्की शहरातही पात्र कोरडं पडलं, जे चाळीसेक वर्षांत झालं नव्हतं. उरलेल्या डबक्यांतून कर्मचारी जाळ्याने मासे उचलतात.

‘समुद्रात’ हा शब्द मात्र निव्वळ थाप. या पट्ट्यातून खाली गेलेलं पाणी एलिफंट ब्यूटमध्ये साठतं आणि तिथून दक्षिण न्यू मेक्सिको व टेक्सासमधल्या एल पासोकडच्या शेतांना मिळतं. ते खाली पोचवायला न्यू मेक्सिको १९३८ च्या आंतरराज्य कराराने बांधील आहे. मासा नसता तरी ते खाली पोचवावंच लागलं असतं. वाटेत काही मुरतं, काही उडतं, आणि मधल्या खोऱ्यातल्या शेतकऱ्याची ओढाताण खोटी नाही.

राहिली हॅचरी. वीसेक वर्षं मासे सोडणं चालूच आहे. पण नदीत हा मासा बहुधा एक-दोन वर्षंच जगतो, आणि सोडलेल्यांची अंडीही त्याच तुटक्या पट्ट्यातून वाहून जातात. शिवाय हॅचरीला नदीतलं नवं बीज मिळतं ते मुख्यतः नदी फुगल्यावर जाळी लावून टिपलेल्या अंड्यांतून.