गोष्ट संपल्यावर ‘काय शिकलास?’ का विचारायचं नाही : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला दोन ओळींत ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होणं बरोबर वाटलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मुलांच्या गोष्टीला शेवटी तात्पर्य चिकटवू नये आणि गोष्ट संपली की ‘काय शिकलास?’ असं विचारू नये, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही विचारलंत, इसापनीती तात्पर्यासकट वाचून आमची पिढी बिघडली का? साने गुरुजींनी ज्या नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, त्याच नाशिकमध्ये बसून तुम्ही संस्कारांना नावं ठेवता? आणि दोन मैत्रिणींचं भांडण न मिटताच संपणारी गोष्ट मुलांना वाचून दाखवलीत, त्यातून त्यांनी कडवटपणाच घ्यायचा ना?

इसापनीतीने कुणी बिघडत नाही, हे मान्यच. पण कावळ्या-कोल्ह्याची गोष्ट वाचून झाल्यावर ‘तुम्हाला कोण व्हायला आवडेल?’ असं कधी विचारून पाहा. आमच्या इंदिरानगरच्या वाचनगटात मी विचारलं, तर सगळी पोरं कोल्ह्याच्या बाजूने. खाऊ त्याला मिळाला ना! स्तुतीला भुलू नये हे तात्पर्य त्यांनी घडाघडा म्हणून दाखवलं, पण मनात कोल्हाच होता. सिंह आणि उंदराच्या गोष्टीबद्दल तर माझी थेट तक्रार आहे. सिंहाने दया केली, पुढे उंदराने जाळं कुरतडून ती फेडली. हिशेब चुकता. ज्याच्याकडून कधीच काही परत मिळणार नाही, त्याच्याशी कसं वागायचं, हे ती गोष्ट सांगत नाही.

ते ‘श्यामची आई’ सांगते. सर, तुम्ही हे पुस्तक माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून आणलंत, पण मी त्याच्याच जोरावर बोलते आहे. गुरुजींनी ते 1933 च्या फेब्रुवारीत, राजबंदी असताना, पाच दिवसांत लिहून काढलं. त्यातली म्हाताऱ्या महार बाईची मोळी आठवा. आई श्यामला ती मोळी तिच्या डोक्यावर चढवून द्यायला सांगते. त्या काळात ब्राह्मणाच्या मुलाने असं करणं गावाला रुचणारं नव्हतं. म्हातारी पुढे श्यामच्या कुठल्या उपयोगी पडते का? नाही. बक्षीसही नाही, परतफेडही नाही. भाजी अळणी झाली तरी वडील मिठाबद्दल चकार शब्द न काढता जेवतात, ते प्रकरणही तसंच. चांगुलपणा काय असतो, हे वडील तिथे तोंडाने सांगत नाहीत, पानात वाढलेली भाजी संपवतात.

आता तुम्ही म्हणाल, श्याम मधूनमधून प्रवचन करतोच की! करतो. आणि माझ्या गटातली मुलं नेमकी तीच पानं उलटून पुढे जातात. (मीही लहानपणी तेच करायची. गुरुजी रागावले नसते असं वाटतं.)

पोहण्याच्या प्रकरणावर मात्र आमच्याकडे दणकून वाद झाला. श्याम विहिरीला भिऊन माळ्यावर लपतो, आई त्याला मारत पोहायला पाठवते, आणि नंतर वळांना तेल लावताना तिलाच भरून येतं. ‘पोहायला पाठवलं ते बरोबर, मारलं ते चूक,’ असं पाचवीतल्या एकीने ठणकावून सांगितलं. महापालिकेच्या तलावावर शिकणाऱ्या एका मुलाचं म्हणणं, भीती वाटली म्हणून मला कुणी मारलं असतं तर मी पोहणंच सोडलं असतं. तिसरा म्हणाला, पण तिला मुलाला भित्रा म्हणवून घ्यायचं नव्हतं. अर्धा तास हे चाललं होतं. सुरुवातीलाच मी ‘तात्पर्य : आई मारते ते आपल्या भल्यासाठी’ असं सांगितलं असतं, तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या आणि एकही जण तोंड उघडता ना.

राहता राहिलं मैत्रिणींचं भांडण. गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण इतर वाचकांसाठी सांगते. शाळेच्या व्हॅनमध्ये शेजारी बसणाऱ्या दोघी. एक दुसरीचं गुपित सगळ्यांसमोर फोडते, मग माफीही मागते, पण दुसरी तिच्या शेजारी परत बसत नाही. संपली गोष्ट. तुम्हाला यात कडवटपणा दिसला. मुलांना काय दिसलं ते ऐका. तुकडी बदलली आणि जिवलग मित्र ओळख दाखवेनासा झाला, वडिलांची अंबडच्या कंपनीतली नोकरी गेली आणि शाळा बदलावी लागली, कुणाच्या वाढदिवसाला एकट्यालाच बोलावणं नव्हतं, असं एकेक बाहेर पडायला लागलं. ही मुलं दहा-अकरा वर्षांची आहेत. मैत्री तुटते हे त्यांना आपल्याआधी कळलेलं असतं. शेवटच्या पानावर हात मिळवून खदखदून हसणाऱ्या मुलांच्या गोष्टी वाचल्या की त्यांना वाटतं, आपलंच काहीतरी चुकतंय, बाकी सगळ्यांचं मिटतं. मोठं होताना काही मैत्र्या मागे पडतात आणि तरी माणूस वाईट ठरत नाही, हे त्यांना कुठेतरी वाचायला मिळालं पाहिजे. माफी मागणं आपल्या हातात असतं, ती मिळणं नसतं, यात मला कडवटपणा दिसत नाही. तुम्हाला दिसत असेल तर आपलं इथे जमणार नाही, आणि ठीक आहे.

‘मग नातवाला देऊ तरी काय?’ हा तुमचा शेवटचा प्रश्न. तो नऊ वर्षांचा आहे म्हणता, तर आधी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या. फुरसुंगीचा हा पोरगा मैत्रीवर भाषण देत नाही, मित्र अडचणीत दिसला की धावतो, एवढंच. प्रकाश नारायण संतांचा लंपन आणखी चार-पाच वर्षांनी द्या. आईवडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणाऱ्या त्या मुलाचं आतल्या आत मोठं होणं थोडं वय वाढल्यावर जास्त भिडतं. तुमच्या सोसायटीत ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या वाचन उपक्रमाची पुस्तकांची पेटी येते असं तुम्हीच लिहिलंय, तिच्यातलं पुस्तक त्याचं त्याला निवडू द्या. आणि ‘श्यामची आई’ तुम्ही स्वतः मोठ्याने वाचून दाखवा, रोज एक प्रकरण, अळणी भाजीपासून सुरू करून. पोहण्याच्या प्रकरणाला तो तुमच्याशी वाद घालेल. घालू द्या, आणि तो काय म्हणाला ते इथे जरूर लिहा.