सगळ्या टेस्ट एकदम का नकोत? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, आज सकाळी पुन्हा वाचली. राग समजतो मला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘पोटाच्या तक्रारींसाठी शक्य तितक्या कमी टेस्ट करा’ असं मी मागच्या लेखात लिहिलं आणि अशाच सल्ल्यापायी तुमच्या ताईंना तीन वर्षं ‘टेन्शनमुळे होतंय’ म्हणून घरी पाठवलं गेलं. शेवटी सिलिॲक निघाला, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याचं अस्तर खराब होण्याचा आजार. पहिल्याच महिन्यात सगळ्या टेस्ट एकदम केल्या असत्या तर ही वर्षं वाया गेली नसती, असं तुम्ही लिहिलंय.

आधी माझी चूक कबूल करते. ‘शक्य तितक्या कमी’ हे शब्द मी लिहायला नको होते. ज्याचं कुणी ऐकूनच घेत नाही, अशा पेशंटला ते वाक्य वाचून काय वाटेल याचा विचार मी केला नाही. आज ते बदललंय. मला म्हणायचं होतं ते एवढंच की आधी शंका नक्की करा, मग तिचं उत्तर देणारी टेस्ट निवडा.

आता ताईंचंच पाहू. सतत जुलाब, दुसऱ्या वर्षापासून हिमोग्लोबिन कमी, लोहाच्या गोळ्या घेऊनही ते वर येत नव्हतं, असं तुम्हीच लिहिलंय. एवढ्यावरून सिलिॲकची शंका यायलाच हवी होती. त्यासाठी लागते रक्ताची एक टेस्ट, टीटीजी-आयजीए (सिलिॲकमध्ये वाढणारी, आयजीए प्रकारची अँटिबॉडी), आणि सोबत रक्तातलं एकूण आयजीए. हे दुसरं अनेकदा राहून जातं. सिलिॲक असलेल्या शंभरातल्या दोन-तीन जणांच्या रक्तात आयजीए जवळजवळ नसतंच, त्यामुळे आजार असूनही त्यांची पहिली टेस्ट निगेटिव्ह येते. तुम्ही म्हणता तशा ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये आकडे खूप असतात, पण टीटीजी त्यात सहसा नसते. पॅकेज केलं असतं तरी ताईंचे रिपोर्ट बहुतेक ‘हिमोग्लोबिन सोडून सगळं नॉर्मल’ असेच आले असते आणि टेन्शनचा शिक्का आणखी पक्का झाला असता. ताईंची लक्षणं सलग ऐकून घेऊन त्यांची सांगड कुणी घातली नाही, ही खरी चूक. त्याबद्दल तुम्ही चिडलात तर मी तुमच्या बाजूने आहे.

दुसरा मुद्दा जास्त गंभीर आहे. ताईंनी मधल्या काळात अन्नपदार्थांविरुद्धच्या आयजीजीचं (अँटिबॉडीचा आणखी एक प्रकार) पॅनेल केलं, त्यात गहू ‘हाय’ आला, म्हणजे ती टेस्ट बरोबर होती, असं तुम्ही लिहिलंय. तसं नाही. जे आपण वारंवार खातो त्याविरुद्ध आयजीजी निरोगी माणसाच्या रक्तातही तयार होतं. ताई रोज गहू खात होत्या, म्हणून गहू वर दिसला. दूध रोज पिणाऱ्याचं दूध वर दिसतं. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट सांगितलंय की अन्न सोसत नाही हे ठरवण्यासाठी आयजीजी-४ ची (आयजीजीचाच एक उपप्रकार) टेस्ट वापरू नये. आणि त्या रिपोर्टवर विश्वास ठेवून ताईंनी तेव्हाच गहू बंद केला असता तर? गहू, जव यांतलं ग्लूटेन पोटात जात नसेल तर टीटीजी हळूहळू खाली येतं आणि आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. मग टेस्ट निगेटिव्ह, बायोप्सी नॉर्मल, आणि आजार नावाशिवाय तसाच. ‘करून पाहायला काय जातंय’ म्हणून केलेल्या टेस्टने खरं निदान झाकलं जातं ते असं.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. मी लॅबमध्ये रिपोर्टवर सही करते. एका तरुणाचा टीटीजी निगेटिव्ह आला होता. बाकीचे आकडे पाहून मला चैन पडेना, म्हणून फोन केला. त्याने पाच महिन्यांपूर्वीच गहू सोडला होता. कुणीतरी सुचवलं, बरं वाटलं, म्हणून. रक्त काढताना त्याला हे कुणी विचारलं नव्हतं, आमच्याकडेही नाही. त्या रिपोर्टवर माझी सही होती. आकडा खरा होता, पण त्याला काही अर्थ नव्हता. तेव्हापासून या टेस्टच्या फॉर्मवर ‘सध्या गहू खाता का?’ हा प्रश्न मी घालून घेतला.

‘जास्त माहितीने नुकसान कसं होईल?’ असंही तुम्ही विचारलंत. नॉर्मल रेंज बहुतेक वेळा अशी ठरवतात की शंभर निरोगी माणसांपैकी पंचाण्णव तिच्या आत बसावीत. एकमेकींवर अवलंबून नसलेल्या अशा वीस टेस्ट केल्या, तर शंभरातल्या साधारण ६४ निरोगी माणसांचा एखादा तरी आकडा ठळक छापून येतो. त्या आकड्यामागे धावणं, पुन्हा रक्त, स्कॅन, रात्रीची झोप उडणं हे मी रोज बघते.

हिशेबासाठी अशी एक टेस्ट धरा जी शंभर आजाऱ्यांतल्या ९५ जणांना पकडते आणि शंभर निरोग्यांतल्या ५ जणांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते. आजार शंभरात एकाला असेल आणि दहा हजार लोकांची सरसकट टेस्ट केली, तर खरे पॉझिटिव्ह ९५ आणि खोटे ४९५. म्हणजे सहा पॉझिटिव्हमध्ये एकच खरा. तीच टेस्ट फक्त ठोस लक्षणं असलेल्यांची केली, ज्यांच्यात आजार शंभरात वीस जणांना आहे, तर सहातले पाच खरे. टेस्ट तीच, पण आधी ऐकून घेतल्याने तिची किंमत वाढली.

शौचाच्या कॅलप्रोटेक्टिनचं मी ‘उगाच कौतुक’ केलं हे मात्र मला मान्य नाही. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशींतलं हे प्रथिन शौचात उतरतं. तरुण पेशंटला धोक्याची लक्षणं नसतील आणि आकडा ५० च्या खाली असेल, तर आतड्याच्या सुजेचा आजार असण्याची शक्यता फार कमी राहते आणि बऱ्याच जणांची कोलोनोस्कोपी टळते. वेदनाशामक गोळ्यांनी किंवा जंतुसंसर्गानेही तो वाढतो, एवढं ध्यानात ठेवायचं. जठरातल्या हेलिकोबॅक्टर या जंतूसाठी रक्तातल्या अँटिबॉडीपेक्षा श्वासाची किंवा शौचातल्या अँटिजेनची टेस्ट बरी, कारण जंतू गेल्यावरही अँटिबॉडी बराच काळ राहतात. त्याआधी ॲसिडिटीच्या ‘प्राझोल’ गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असायला हवेत, आणि ते डॉक्टरांना विचारूनच.

एका बाबतीत मी तुमच्याहूनही आग्रही आहे. शौचात रक्त, कारण नसताना घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली तक्रार, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर, यातलं काही असेल तर रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून थांबू नका, तज्ज्ञांना गाठा. पन्नाशीपुढच्या बाईचं पोट नव्याने आणि सतत फुगत असेल तर बीजकोशाच्या कॅन्सरचा विचार व्हायलाच हवा, तिथे सीए-१२५ ही रक्ताची टेस्ट आणि सोनोग्राफी योग्यच. तीच सीए-१२५ पंचविशीतल्या मुलीची पॅकेजमध्ये केली, तर पाळीमुळेही वाढलेली दिसू शकते आणि घर हादरतं.

शेवटी एक प्रश्न. ताईंसाठी आता घरात सगळ्यांनीच गहू बंद केलाय असं तुम्ही लिहिलंय. तुमची स्वतःची टेस्ट झाली आहे का? सिलिॲक असलेल्याच्या आईवडील, भावंडं, मुलांपैकी साधारण दहातल्या एकाला तो असतो, कधी काहीही त्रास नसताना. गहू सोडून फार दिवस झाले नसतील तर याच आठवड्यात डॉक्टरांना भेटून टीटीजी करून घ्या. बरेच दिवस झाले असतील तर टेस्टआधी निदान सहा आठवडे, दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा, गहू पुन्हा खावा लागेल. ते नको असेल तर एचएलए-डीक्यू-२ आणि डीक्यू-८ या जनुकांची टेस्ट विचारा. तिच्यावर खाण्याचा परिणाम होत नाही. दोन्ही नसतील तर सिलिॲकची चिंता जवळजवळ मिटते. असतील तर मात्र एवढ्यावरून आजार आहे असं समजू नका, ती जनुकं अनेक निरोगी माणसांतही असतात.