कुठून सुरू करू?

भाचीने दारातूनच विचारलं, "मामा, तुझी ती ड्रॅगनवाली पुस्तकं वाचायचीयत. कुठून सुरू करू?"

हा प्रश्न ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो. साध्या कादंबरीचं उत्तर सोपं असतं: पहिल्या पानापासून. पण माझं कपाट भरलंय सामायिक विश्वातल्या फँटसीने. जग एक, नकाशा एक, आणि त्यात लिहिणारे डझनावारी. सामायिक विहिरीसारखं. पाणी सगळ्यांचं, गाळ कोणाचाच नाही.

"बस," मी म्हणालो. ती उभीच राहिली. बिचारीला दोन मिनिटांचं काम वाटलं होतं.

"हे बघ, ड्रिझ्ट नावाचा एक एल्फ आहे, म्हणजे टोकदार कानांचा, माणसासारखा दिसणारा. काळ्या एल्फांच्या कुळातला. दोन तलवारी, सोबत जादूची काळी बिबटीण..."

"काय नाव म्हणालास?"

मी खोकलो. गेली कित्येक वर्षं हे नाव मी मनातल्या मनात वाचतोय. मोठ्याने म्हणायची वेळ आली की दर वेळी वेगळंच बाहेर पडतं. या जगांमध्ये बारशाची एक रीत आहे. दोन-तीन व्यंजनं एकमेकांच्या उरावर बसवायची आणि मधोमध एक स्वल्पविराम उंच टांगून ठेवायचा. तो कसा उच्चारायचा ते लेखकही सांगत नाहीत. मी त्या जागी दम घेतो.

"तर हा ड्रिझ्ट १९८८ च्या कादंबरीत पहिल्यांदा आला. मग १९९० मध्ये त्याच्या बालपणाची कादंबरी आली. म्हणजे नंतर लिहिलेलं आधी घडतं. आता काही वाचक म्हणतात, बालपणापासून सुरू करा..."

"मग तेच करते."

"अजिबात नाही!" माझा आवाज नको तेवढा चढला.

माझं ठाम मत आहे की छापलं त्याच क्रमाने वाचावं. कारण १९८८ मध्ये हा गडी नायक नव्हताच. नायक होता एक दांडगा रानटी पोरगा आणि हा त्याच्या बाजूला उभा राहणारा सोबती. सोबती हळूहळू नायकाला गिळून कसा टाकतो, हे बघण्यातच गंमत आहे. आणि तो सोबती तरी आला कसा? लेखक आर. ए. साल्व्हाटोरे यांनी आधी दुसरंच पात्र योजलं होतं. पण ते त्याच जगातल्या दुसऱ्या लेखकाच्या कादंबरीतलं. फोनवर संपादिकाबाईंनी सांगितलं, तो चालणार नाही, तो दुसऱ्याचा आहे. तेव्हा वेळ मारून नेण्यासाठी लेखकाने तिथल्या तिथे ठोकून दिलं: मग काळा एल्फ घेतो! त्या थापेवर पुढे तीस-चाळीस कादंबऱ्या उभ्या राहिल्या. भाऊबंदकीतून एवढं चांगलं काही निघाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही.

"म्हणजे प्रत्येक पात्राला मालक असतो?" भाची आता बसली होती.

इथे माझी कळी खुलली. हाच तर सगळ्या प्रकरणाचा कणा. १९७९ मध्ये रॉबर्ट ॲस्प्रिन यांनी 'थीव्ज वर्ल्ड' नावाचा कथासंग्रह काढला. चोर-दरोडेखोरांचं एकच शहर, त्यात अनेक लेखकांच्या कथा. १९८९ पर्यंत असे बारा संग्रह आले. तिथला मुख्य दंडक असा, की दुसऱ्याचं पात्र आपल्या कथेत खुशाल आणा, पण त्याला मारू नका. शेजाऱ्याची पातेली वापरायला घ्या, पोचा पाडू नका, त्यातला प्रकार. परिणामी पाहुणं पात्र तोंडात सुरा धरून कड्याला लोंबकळत असलं, तरी अनुभवी वाचक जांभई देतो. पात्र मालकाला धडधाकट परत करायचंय, हे त्याला माहीत असतं. मरतो तो लेखकाने त्याच कथेपुरता जन्माला घातलेला एखादा गरीब पहारेकरी. त्याला ना मालक ना वाली. (एका कथेत अरुंद असलेली गल्ली पुढच्या कथेत रुंद होते, याचा मला पूर्वी त्रास व्हायचा. आता होत नाही. चोरांचं शहर आहे, कोणीतरी खोटं बोलत असणारच.)

मारायची खरी परवानगी वरून येते तेव्हा मात्र कसर ठेवत नाहीत. फँटसी सोडून जरा अंतराळात जाऊ. 'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्यांत १९९९ मध्ये च्युबाकाला मारायचं ठरलं. तो केसाळ, धिप्पाड. त्याच्यासाठी अख्खा चंद्र आकाशातून पाडावा लागला. आणि ते पुस्तक कोणी लिहिलं? ड्रिझ्टवाल्या याच साल्व्हाटोरे यांनी. पंधरा वर्षांनी, २०१४ मध्ये, मालक मंडळींनी जाहीर केलं की तोवरच्या त्या सगळ्या कादंबऱ्या म्हणजे दंतकथा, आमच्या विश्वात हे घडलेलंच नाही. मी च्युबाकासाठी ढाळलेल्या अश्रूंचं काय करायचं, त्याबद्दल त्यांच्या पत्रकात चकार शब्द नव्हता.

"पण मामा, देव वगैरे असतील ना या जगात? ते नाही वाचवत?"

देव! मी उठून पंखा वाढवला.

यांतली बरीच जगं मुळात फासे टाकून खेळायच्या खेळासाठी बनलेली आहेत. त्या खेळाचं नियमपुस्तक असतं, आणि दर काही वर्षांनी त्याची नवी आवृत्ती निघते. देवांपेक्षा मोठं असं तिथे हे एकच. ड्रिझ्टच्या जगात, म्हणजे 'फॉरगॉटन रेल्म्स'मध्ये, १९८९ च्या सुमारास दुसरी आवृत्ती आली, तेव्हा जवळपास सगळ्या देवांना खाली जमिनीवर ढकलून दिलं. जादूची देवी त्यात गेली आणि तिच्या जागी एक मर्त्य बाई बसवली. नव्या नियमांत मारेकऱ्यांचा पेशाच काढून टाकला होता. म्हणून कादंबरीत एका दुष्ट देवाने साऱ्या मारेकऱ्यांचे प्राण एका दमात शोषून घेतले. नोकरकपात म्हणतात ती ही. २००८ मध्ये चौथी आवृत्ती आली आणि ती जादूची देवी पुन्हा मारली गेली. जगाची पार धूळधाण उडाली, कॅलेंडर शंभरेक वर्षं पुढे सरकलं, ड्रिझ्टचे माणूस-मित्र मेलेले. वाचकांनी बोंब ठोकली. मग २०१३ पासून जग पुन्हा जागेवर ठेवायची मोहीम निघाली आणि मेलेले मित्र नव्याने जन्म घेऊन परत आले. मी तोवर सुतक पाळून मोकळा झालो होतो.

'ड्रॅगनलान्स'ची तर याहून बहार. १९८४ मध्ये मार्गारेट वाईस आणि ट्रेसी हिकमन यांनी सुरू केलेलं हे जग माझं सगळ्यांत लाडकं. सोनेरी कातडीचा, डोळ्यांत वाळूच्या घड्याळासारख्या बाहुल्या असलेला तो खोकणारा जादूगार रेस्टलिन मला आजही माझ्या अर्ध्या नातेवाइकांपेक्षा जवळचा वाटतो. तर १९९५ च्या कादंबरीत इथले सगळे देव जग सोडून निघून गेले. पुढच्याच वर्षी खेळात फाशांच्या जागी पत्ते आले. काही वर्षांनी पत्ते बंद पडले, फासे परतले, आणि देवही परतले! खुलासा असा झाला की देव गेलेच नव्हते, एका दुष्ट देवीने जगच चोरून दुसरीकडे नेलं होतं. शाळेत असताना गृहपाठाच्या वहीबद्दल मी हेच कारण दिलं होतं. मला कोणी मानधन दिलं नाही.

"मग तू हे वाचतोस कशाला?" भाचीने विचारलं.

खरं सांगायचं तर महायुद्धं आणि देवांचे मृत्यू असलेले जाडजूड भाग मी कर्तव्य म्हणून वाचतो. ते मालकांच्या बैठकीत ठरलेले असतात आणि तसे वाचतानाही लागतात. मला आवडतात ती नकाशाच्या कोपऱ्यातली पुस्तकं. कोणा नवख्या लेखकाला राजे मिळत नाहीत, ड्रॅगन मिळत नाहीत, नावाजलेले जादूगार तर नाहीतच. त्याच्या वाट्याला येतं एखादं पडीक बंदर आणि पैसे थकलेला एक भाडोत्री शिपाई. त्या बंदराकडे कोणाचंच लक्ष नसतं, म्हणून तिथे खुशाल काहीही होऊ शकतं. तिथे पात्रं मरतात आणि मेलेली राहतात. अशी पुस्तकं बहुधा पुन्हा छापली जात नाहीत. माझ्याकडे चार आहेत. ती मी कोणाला देत नाही.

एवढं सांगून होईपर्यंत बाहेर अंधार पडला होता. मी कागद घेऊन वाचनक्रम आखायला बसलो. एका बाणातून तीन बाण फुटले, तळटीप आली, तळटिपेला तळटीप आली. मान वर केली तेव्हा भाची निघून गेली होती. कपाटाच्या मधल्या फळीवरचं एक पुस्तक गायब होतं. मुखपृष्ठावर निळा ड्रॅगन असलेलं, कुठल्याशा मालिकेचा तिसरा भाग. पहिले दोन न मिळाल्यामुळे मी स्वतः ते अजून उघडलेलं नव्हतं.

आठवड्याने ती आली ती लाल डोळ्यांनी.

"मामा, तो मेला!"

"कोणी मारलं?"

"त्या सेनापतीने. मागून. भाला घुसवून."

"तसं नव्हे. लेखक कोण?"

तिने पुस्तक उलटं करून मुखपृष्ठावरचं नाव वाचून दाखवलं.

"मग नाही मेला."

"अरे, पुरलं त्याला! माझ्यासमोर! चार पानं पुरत होते!"

"मूळ मालक होता का तिथे?"

ती गप्प झाली. मग नाक पुसून कपाटापाशी गेली आणि फळीवरून बोट फिरवत म्हणाली, "मूळ मालकाचं पुस्तक यातलं कुठलं?"

मी माझा तो बाणांचा कागद शोधायला लागलो.