मे महिन्यात कोठी भरली म्हणून ती वर्षभर विसरता येत नाही

उन्हाळा तापायला लागला की गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश फिरतो. त्याचा सार असा: ‘मे महिन्याच्या उन्हात सगळं धान्य कडक तापवा, गरम असतानाच कोठीत भरा, फडक्यात बांधून सल्फासची एक गोळी टाका, कडुनिंबाचा पाला घाला, गव्हाला-डाळीला बोरिक पावडर चोळा. पावसाळ्यात उघाड पडली की झाकण काढून हवा द्या. वर्षभर किडा लागत नाही, पाहावंही लागत नाही.’ यातली एक गोष्ट जीव घेणारी आहे, बाकीच्या बऱ्याच धान्य नासवणाऱ्या. धान्याला ऊन द्या, एवढं मात्र बरोबर.

आधी गोळीचं बोलू. सल्फास म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईड. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. 3 ग्रॅमच्या गोळीतून साधारण 1 ग्रॅम. फडकं त्याला अडवत नाही, आणि घरच्या टिनाच्या कोठीचं झाकणही अडवत नाही. आपल्याकडे कोठी असते माजघरात, तिच्याच बाजूला अंथरूण पडतं, आणि पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद. ही गोळी गोदामासाठी आहे, तीही वायू बाहेर जाणार नाही अशा जाड चादरीखाली, प्रशिक्षित माणसानं वापरायची. घरगुती वापरासाठी ती विकायची परवानगीच नाही. या विषावर उतारा नाही. लसणासारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास आला, कुणाला मळमळ, उलटी, छातीत आवळल्यासारखं झालं, तर दारं सताड उघडून आधी सगळ्यांना, लेकरांसकट, बाहेर काढा. गोळीवर पाणी ओतू नका, पाण्यानं वायू जास्तच सुटतो. लगेच दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना गोळीचं नाव सांगा. वास आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका, तो प्रत्येक वेळी येतोच असं नाही.

‘गरम असतानाच भरा.’ विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. काळ्या ताडपत्रीवरचा गहू हाताला चटका देतो. तसाच तो कोठीत गेला की मधली ऊब बरेच दिवस निघत नाही. रात्री टिन थंड पडतो, धान्यातली वाफ झाकणाला आतून लागते, तिचं पाणी होऊन वर ठिबकतं आणि वरचा थर गोळे होऊन कुबट वास मारतो. गहू दोन-तीन बोटं जाडीचा पसरा, दिवसातून तीन-चारदा पाय फिरवा, दोन-तीन उन्हं द्या. दाणा दाताखाली ‘कट्’ वाजून फुटला पाहिजे. दबला तर आणखी एक ऊन. मग रात्रभर गार होऊ द्या आणि सकाळी उन्हाच्या आधी भरा. कोठीखाली विटा किंवा पाट ठेवा, भिंतीपासून वीतभर जागा सोडा.

‘सगळं धान्य मे महिन्यात.’ तूर घरात येते डिसेंबर-जानेवारीत. भुंगेऱ्याची मादी वावरातच शेंगेवर अंडी घालून मोकळी होते, म्हणजे किडा पोत्यासोबतच घरी येतो. उन्हाळ्यात त्याची पिढी महिन्याभरात उरकते. मे महिन्यापर्यंत थांबलात तर दाण्याला गोल भोकं पडलेली दिसतील. दाणा उजेडात धरून पाहा, सालीवर पांढरे ठिपके चिकटलेले असले तर ती अंडी. खायची तूर फेब्रुवारी-मार्चमध्येच भरडून डाळ करा; भुंगेऱ्याला अंडी घालायला अख्खा, गुळगुळीत दाणा लागतो, डाळीवर त्याचं फारसं चालत नाही. अख्खी ठेवायची तर किलोला एक चहाचा चमचा, म्हणजे 50 किलोच्या कट्ट्याला पाव लिटर खायचं तेल चोळा. भंडारा-गोंदियाकडच्या धानाचा हिशोब वेगळा: टरफल हेच त्याचं कवच, म्हणून ढोलीत धान ठेवा आणि तांदूळ लागेल तसा काढा.

पाला घालायचा तर सावलीत कुरकुरीत वाळवलेला. ओला पाला म्हणजे कोठीत हातानं पाणी घालणं. आणि बोरिक पावडर अन्नात मिसळायला परवानगीच नाही. धुतली की जाते म्हणतात, पण दळणाचा गहू धुतो कोण? ती पोळीतून पोटात जाते.

‘उघाड पडली की हवा द्या.’ सगळ्यात जास्त गहू याच सल्ल्यानं जातो. श्रावणात ऊन दिसलं तरी हवा ओलीच असते. झाकण काढलं की कोरडा दाणा तो ओलावा ओढतो, मऊ पडतो, आणि सोंड्याला तेच हवं असतं. मृगाच्या आधी जून ते सप्टेंबरचा गहू बाजूला काढा. महिन्याला एक कट्टा लागत असेल तर चार कट्ट्यांचा गहू घट्ट झाकणाच्या चार डब्यांत, एका वेळी एकच डबा उघडायचा. मोठ्या कोठीच्या झाकणाची फट शेणमातीनं लिंपा आणि पावसाळाभर हात लावू नका.

‘पाहावंही लागत नाही.’ लागतं. दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी झाली की कोरड्या हातानं कोपरापर्यंत धान्यात हात घाला. आत गार लागलं तर ठीक. एखाद्या ठिकाणी ऊब लागली तर तिथं जिवंत किडा किंवा बुरशी आहे. बोटांना पीठ लागेल, मुठीत गोळे येतील. तेवढा भाग आधी उपसा, अंगणात दूर नेऊन चाळा, बाकीच्याला ऑक्टोबरची दोन उन्हं द्या. चाळलेला किडा उकिरड्यावर टाकू नका, तो चालत परत कोठीपाशी येतो, चुलीत घाला. गोळे झालेला, बुरशीचा वास येणारा भाग मात्र ढोरांनाही घालू नका, पुरून टाका.