खुडूक कोंबडी आणि बिनपगारी राखणदार

कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, की बातमी आधी वाडीभर होते आणि मग सल्लागार येतात. खरं तर खुडूक कोंबडी ओळखायला सल्लागार लागत नाही. पिसं फुलवून ती खुराड्याच्या कोपऱ्यात बसते, हात घातला की गुरगुरून चोच मारते आणि उचलून अंगणात टाकली तरी पाच मिनिटांत पुन्हा तिथेच. सल्लागारांचा वाद असतो तो अंड्यांच्या संख्येवरून. कोणी 15 म्हणतं, कोणी 21, आणि विषमच हवीत हे बजावणारं कोणीतरी असतंच. माझं मत विचाराल तर गावठी कोंबडीखाली 10 ते 12 पुष्कळ झाली. तिने पंख पसरल्यावर एकही अंडं बाहेर डोकावता कामा नये. डोकावणारं अंडं गार पडतं, आणि कोंबडी दिवसभर अंडी आतबाहेर फिरवत असल्यामुळे आळीपाळीने सगळीच गार पडतात.

अंडी आठवड्याच्या आतली हवीत आणि धुतलेली नकोत. धुतलं की कवचावरचा पातळ लेप जातो आणि जंतूंना दार उघडं. दुकानातला ट्रे आणून कोंबडीखाली सरकवणारे महाभागही आहेत. ती अंडी कोंबड्याचं तोंडही न पाहिलेल्या कोंबड्यांची. 21 दिवसांनी त्यातून निघतो तो फक्त वास.

टोपलीच्या बुडाला राख, वर सुका पेंढा आणि मध्ये वाटीएवढा खळगा. राखेने पिसवाही आवरतात. पेंढा दमट असेल तर बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात टोपली चुलीच्या खोलीतल्या कोरड्या कोपऱ्यात. कोंबडी रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसवायची ती रात्री, अंधारात. दिवसाढवळ्या बसवली तर ती जुनी जागा शोधत परत जाते. सगळी अंडी एकाच वेळी ठेवायची आणि प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारायची. कारण ही बाई दाणे टिपायला उठली की दुसरी कोंबडी तिच्या टोपलीत बसून आपलं अंडं घालून जाते. ते न काढलं तर पिल्लं निघण्याच्या तारखा मागेपुढे होतात आणि आई पहिली पिल्लं घेऊन निघाली की मागची अंडी वाऱ्यावर.

शेजारच्या काकी डोकावतातच. "गे बाय, टोपलीत खिळो ठेव, गडगडला काय अंडी नासतत!" खिळा ठेवावा. त्याने काही बिघडत नाही आणि काकींचं येणं-जाणं चालू राहतं. गडगडाट होतो तेव्हा छप्परही गळत असतं, अंडी नासतात ती त्या ओलीने. खिळ्याबरोबर दोन कौलंही बदलून घ्यावीत.

दिवसातून एकदा ती उठते, खाते, पिते आणि दिवसभराचं साठवलेलं एकदमच टाकते. त्या वासाचं वर्णन या लेखात बसत नाही. अर्धा तास अंडी उघडी राहिली तरी चालतात; घरातल्यांना मात्र तेवढ्यात तिला शोधायला माणसं पाठवावीशी वाटतात. सातव्या रात्री टॉर्चवर अंडं धरून पाहायचं. आत कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव धरला, नुसता पिवळा उजेड दिसला तर ते अंडं रिकामं, काढून टाकायचं. ठेवलं तर कुजून फुटतं आणि शेजारच्यांनाही घेऊन जातं.

खरी राखण असते ती मुंगसापासून. कुंपणाला लावतात ती षटकोनी जाळी कोंबड्यांना आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड जाळीच हवी. तीही जमिनीत फूटभर पुरलेली, नाहीतर खुराड्याभोवती चिरे मांडलेले, कारण ते खालून उकरून येतं. नुसत्या दोरीने बांधलेलं दार उदमांजराच्या हातचं आहे. कडी घाला, तीही सांजेलाच, कोंबड्या मोजून. अंड्यांच्या वासाने साप येतो. टोपलीत हात घालण्याआधी टॉर्च मारून पाहायचं, एवढी भीती बाळगलेली बरी.

विसाव्या दिवशी कवचाला चोचीने पाडलेला तडा दिसतो आणि घरात मोबाइल निघतात. इथूनचे 12 ते 24 तास माणसांना अवघड. "बिचारं अडकलंय" म्हणत कोणीतरी नखाने कवच सोलायला बसतं. आतल्या शिरांत अजून रक्त असतं, पोटात पिवळा बलक ओढून घ्यायचा बाकी असतो. सोललं की रक्त येतं आणि पिल्लू जातं. हात मागे बांधून बसा. निघालेल्या पिल्लाला दोन दिवस दाणा नसला तरी चालतं, तो बलक त्यासाठीच आहे. पाण्याच्या बशीत मात्र खडे टाका, नाहीतर ओली पिल्लं त्यातच लवंडतात. मग बारीक कणी, जमल्यास पिल्लांचं तयार खाद्य. मुलांना पिल्लांच्या मुक्या घेऊ देऊ नका, हात साबणाने धुवायला लावा.

आणि मग मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाची लस, डोळ्यात एक थेंब. लहानात लहान कुपी साधारण 100 मात्रांची आणि आपली पिल्लं आठ. विरघळवली की दोनेक तासांत संपवायची, उरलेली उद्यासाठी ठेवता येत नाही. म्हणून वाडीतल्या सगळ्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसवायच्या असं ठरतं. कोंबड्यांना हे कोणी सांगितलेलं नसतं. तरी जमतील तेवढ्या घरांची पिल्लं हाऱ्यात घालून एका ओटीवर आणायची. लस दवाखान्यातून थर्मासात बर्फावर आणायची आणि बर्फ मासळीवाल्या मावशीकडून मागायचा. ती विचारते, "पापलेट खंयचा?"