मामांनी वाजवून पाहिलेला सम्राट

गेल्या मंगळवारी आमच्या लंडनच्या घरी जर्मनीहून चार रोमन नाणी आली आणि त्यांच्या पाठोपाठ ४८ पौंडांची मागणीही आली. नाण्यांची किंमत १८० पौंड, त्यावर २० टक्के कर ३६ पौंड आणि ‘हाताळणी’चे १२. शंभर वर्षांहून जुन्या संग्राह्य वस्तूंवर इथे आयातीच्या वेळी ५ टक्केच कर लागतो, म्हणजे ९ पौंड. पण कुरिअरवाल्यांच्या लेखी सम्राट प्रोबस आणि नवा कोरा मिक्सर यांत फरक नसावा. पैसे भरल्याखेरीज पाकीट मिळणार नव्हते, म्हणून मुकाट्याने भरले.

प्रोबसने इ.स. २७६ ते २८२ या काळात राज्य केले. नीरोच्या नाण्यांवर उड्या पडतात. आमच्या प्रोबसला कोणी विचारत नाही, म्हणूनच तो माझ्या खिशाला परवडतो. तिकिनुम, म्हणजे आजच्या इटलीतील पाविया, येथील टांकसाळीच्या सहा विभागांनी त्याच्या एका मालिकेवर एकेक अक्षर उमटवले आहे आणि ती अक्षरे ओळीने लावली की ‘एक्विति’ हा शब्द जुळतो. माझ्याकडे त्यातला ‘क्यू’ नव्हता. तो या पाकिटात होता.

पाकीट उघडताना नेमके माझ्या पत्नीचे मामा समोर बसले होते. मामा पुण्याहून महिनाभरासाठी आले आहेत आणि बँकेत चौतीस वर्षे रोखपाल होते. मी चष्मा आणायला आत गेलो, तेवढ्यात मामांनी ‘क्यू’ उचलला आणि ओट्याच्या ग्रॅनाइटवर आपटला.

“जावईबापू, खोटे आहे,” ते गंभीरपणे म्हणाले. “खणखणत नाही.”

सतराशे वर्षे ज्या तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा कसाबसा तग धरून होता, त्याच्या कडेचा टवका उडालेला पाहून माझ्या तोंडून शब्द फुटेना. नाण्याच्या तळाशी ‘एक्सएक्सआय’ (रोमन अंकांत वीस आणि एक) असे कोरलेले असते आणि त्याचा अर्थ वीस भाग तांबे व एक भाग चांदी असा लावतात, हे मी शक्य तितक्या शांतपणे सांगितले.

“म्हणजे सरकारनेच भेसळ केली आणि वर तसे छापूनही ठेवले? प्रामाणिक माणूस दिसतो. पुढे काय झाले त्याचे?”

त्याने आजच्या सर्बियातील सिर्मियम गावाजवळची दलदल उपसण्याच्या कामाला सैनिकांना जुंपले आणि चिडलेल्या सैनिकांनी त्याला ठार मारले, असे सांगतात. हे ऐकताच मामांचे सगळे प्रेम सैनिकांकडे वळले. नोटाबंदीत रात्री अकरापर्यंत नोटा मोजल्याची हकिकत, जी मी या मुक्कामात तिसऱ्यांदा ऐकत होतो, त्यांनी सविस्तर सांगितली आणि शेवटी म्हणाले, “आम्ही मात्र कोणाला मारले नाही.”

मग हिशेब सुरू झाला. सतराशे वर्षे जपलेल्या वस्तूचे पंचेचाळीस पौंड येत असतील, तर त्या मूळ मालकाने साधी मुदत ठेव केली असती तरी पृथ्वी विकत घेता आली असती, असे त्यांचे मत पडले. भारताशी होणाऱ्या व्यापारात रोमचे दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) जातात, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच केली होती, हे मी विषय बदलण्यासाठी सांगितले आणि चुकलो.

“बघा! आपल्या लोकांनी मिरी देऊन रोमनांकडून सोने घेतले, आणि तुम्ही पौंड देऊन त्यांचे तांबे घेता!”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. माझा राग मामांवर नाहीच, निदान पूर्ण नाही. जेवढा कर लागू नाही तेवढाही आधी भरायचा, मग तो परत मिळवण्यासाठी आपणच पुरावे जोडायचे, आणि परत मिळालाच तर ‘हाताळणी’चे बारा पौंड मात्र विसरायचे, या व्यवहाराला सभ्य भाषेत काय म्हणतात ते मला ठाऊक नाही. प्रोबसने निदान भेसळीचे प्रमाण नाण्यावर कोरले होते.

परताव्याच्या अर्जात ‘उत्पादक’ असा रकाना होता. मी अडखळलो, तसे मामांनी पेन घेतले आणि रोखपालाच्या घोटीव अक्षरात लिहिले : ‘प्रोबस. मृत. वारस आढळत नाहीत.’ अर्ज तसाच पाठवला आहे.